स्कार्लेट सोलो: बेसवालीच्या नजरेतून

फोकसराइटची स्कार्लेट सोलो म्हणजे माइकचा किंवा वाद्याचा आवाज यूएसबीने लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, म्हणजेच ऑडिओ इंटरफेस. तिला दोन इनपुट आहेत आणि बेस गिटार वाजवणाऱ्याला त्यातलं एकच लागतं. माइकचं एक्सएलआर (तीन पिनांचं) सॉकेट, त्याचा गेन म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याचा नॉब, ४८ व्होल्टचं बटण, ‘एअर’ नावाचं बटण, हा डावीकडचा सगळा संसार गाणाऱ्यांचा. आपल्या वाट्याला उजवीकडचं जॅकचं भोक, त्याचा गेन आणि ‘इन्स्ट’ लिहिलेलं एक इवलंसं बटण. पैसे अख्ख्या डबीचे, वापर अर्ध्या डबीचा. तरीही घरच्या घरी, खिशाला फार चाट न लावता बेस रेकॉर्ड करायचाय, काय घेऊ, असं कुणी विचारलं की मी हीच लाल डबी सांगते. ती सांगताना दोन-चार गोष्टी सोबत सांगाव्या लागतात, कारण नुसत्या डबीने काही होत नाही.

माझी तिसऱ्या पिढीची आहे, २०१९ साली आलेलं मॉडेल, आणि तीही वापरलेली घेतलेली. चौथी पिढी २०२३ मध्ये आली, तिच्यात माइकचं सॉकेट मागच्या बाजूला गेलं आणि आकडे आणखी सुधारले. नवीच घ्यायची असेल तर चौथी घ्या. पण बेससाठी तिसरी विकून चौथी घेण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. माझा बेस चार तारांचा, पॅसिव्ह म्हणजे बिनबॅटरीचा, दोन सिंगल-कॉइल पिकअपवाला (पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारा चुंबकी तुकडा). अॅम्प नाही, शेजारी आहेत. ओळखीतली मंडळी ड्रम आणि गिटार भरलेलं गाणं पाठवतात, मी रात्री सगळे झोपल्यावर खालची ओळ वाजवून परत पाठवते. एवढाच माझा कारभार, आणि हा रिव्ह्यू त्या कारभाराच्या हिशेबानेच वाचा.

आता ते बटण. पॅसिव्ह पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेल्या बारीक तारेची हजारो वेटोळी. त्यातून निघणारा सिग्नल नाजूक असतो आणि पुढच्या यंत्राने त्याच्यावर ओझं टाकलेलं त्याला चालत नाही. लाइन इनपुटचा, म्हणजे इन्स्ट न दाबलेल्या भोकाचा, इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) काही हजार किंवा काही दहा हजार ओहम असतो. बेस तिथे लावला तर आवाज येतो, पण कांबळं पांघरल्यासारखा. वरचं सगळं मरतं, तारेवर बोट पडल्याचा ‘टक’ जातो, उरते ती नुसती घुमघुम. इन्स्ट दाबलं की हाच इम्पीडन्स दहा लाख ओहमच्या वर जातो आणि पिकअप मोकळा श्वास घेतो. फरक ऐकायला कसलेला कान लागत नाही. ‘जी’ (G) तार खुली वाजवत ठेवा आणि बटण दाबा-सोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात अडॅप्टर लावून बेस रेकॉर्ड करणाऱ्यांचा आवाज मेलेला का येतो, याचं अर्धं उत्तर त्यात आहे. उरलेलं अर्धं लॅपटॉपच्या आतल्या खरखरीत.

अॅक्टिव्ह बेसवाल्यांनीही इन्स्टच वापरावं, फक्त गेन अगदी खाली ठेवून. बॅटरीवाला प्रीअँप जोरात असतो. तरीही गेनभोवतीचं वर्तुळ लाल होत असेल तर बेसवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवा, आकाश कोसळत नाही.

गेनभोवतीचं हे वर्तुळ मला या डबीतलं सर्वांत शहाणं काम वाटतं. सिग्नल आला की हिरवं, डोक्यावरून गेला की लाल. लेव्हल लावताना लोक हळू वाजवून बघतात आणि गाणं सुरू झालं की अंगात येतं. म्हणून गाण्यातली सगळ्यात जोरकस जागा, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकणं) असेल तर स्लॅप, आधी वाजवून घ्या आणि सॉफ्टवेअरमधल्या मीटरवर टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील इतका गेन द्या. यापेक्षा वर ढकलायची गरज नाही. १६ बिटांचा आवाका सुमारे ९६ डेसिबलचा होता, तेव्हा वरच्या टोकाला टेकून रेकॉर्ड करण्यात अर्थ होता. २४ बिटांचा कागदावरचा आवाका १४४ चा आहे, त्यात १२ हातचे राखले तर कुणाचं काही जात नाही. क्लिप झालेली, म्हणजे लाल होऊन फाटलेली, टीप मात्र नंतर कोणत्याही उपायाने नीट होत नाही.

एक बारीक गोष्ट, पण पहिल्या दिवशी हीच छळते. सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक उघडला की तो आपणहून इनपुट १ धरतो. माझ्या तिसऱ्या पिढीच्या डबीत बेस असतो इनपुट २ वर. मीटर हलत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. ट्रॅक मोनो ठेवा, इनपुट २ निवडा. स्टीरिओ निवडलंत तर बेस फक्त उजव्या कानात ऐकू येईल.

डायरेक्ट मॉनिटरबद्दल, म्हणजे लॅपटॉपमधून न फिरवता स्वतःचा आवाज थेट कानात देणाऱ्या सोयीबद्दल, मात्र माझी तक्रार आहे. सोलोवर तो नुसता चालू-बंद खटका आहे. स्वतःचा आवाज किती आणि गाणं किती, हे ठरवायला नॉब नाही. मोठा मॉनिटर नॉबही एकच, स्पीकर आणि हेडफोन दोन्हींना मिळून. गाण्यात बेस बुडतोय असं वाटलं तर सॉफ्टवेअरमध्ये गाणंच खाली करायचं, दुसरा मार्ग नाही. सवय होते, पण ही काटकसर जाणवत राहते.

शिवाय अॅम्पचा आवाज देणारं प्लगिन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लावून वाजवायचं असेल तर हा खटका बंदच हवा. नाहीतर कोरडा बेस लगेच येतो, प्लगिनमधून फिरून आलेला क्षणभर उशिरा, आणि दोन्ही मिळून पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज तयार होतो. तो उशीर बफरवर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) गोळा करून हाताळतो त्यावर, ठरतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाताना एकदा, येताना एकदा, वर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा वेळ. सगळं धरून १० मिलिसेकंदांच्या आसपास राहिलं तर मला चालतं. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेतीन मीटरभर जातो, म्हणजे अॅम्प खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून वाजवण्यासारखंच झालं. २५६ वर माझी बोटं मागे रेलायला लागतात. लॅपटॉप जुना असेल आणि १२८ वर तडतड करत असेल, तर प्लगिनचा नाद सोडा, डायरेक्ट मॉनिटर चालू करून कोरडा आवाज ऐकत वाजवा आणि अॅम्प नंतर चढवा. मी निम्म्याहून जास्त वेळा हेच करते. कोरड्या आवाजात हाताची प्रत्येक लबाडी ऐकू येते, त्यामुळे वाजवणंही सुधारतं.

कोरडा बेस म्हणजे कमी प्रतीचा, असं समजणाऱ्यांसाठी सांगते. डेट्रॉइटमधल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन आपला फेंडर प्रिसिजन बेस थेट कन्सोलला (स्टुडिओतल्या मिक्सरला) जोडून वाजवायचा. फ्लॅटवूंड (सपाट वेढ्याच्या) तारा, एकच बोट, अॅम्पसमोर माइक नाही. कन्सोल आपल्याकडे नसेल, पण वायर त्याच रस्त्याने जाते.

आता घरघर. इथेच घोडं पेंड खातं. सोलोचं स्वतःचं इनपुट शांत आहे, गेन बराच वर नेला तरी सुसकारा त्रास देत नाही. घरघर येते ती पिकअपमधून. सिंगल-कॉइल पिकअप आसपासच्या विजेच्या तारा, दिवे, चार्जर सगळं गोळा करतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर घरघरही ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची, १००, १५०. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजतो ४९ हर्ट्झला. म्हणजे घरघर आणि खर्जातला जी जवळजवळ एकाच पाटावर बसलेले. गिटारवाला खालचं सगळं फिल्टरने छाटून मोकळा होतो, आपण छाटलं की स्वरच जातो. म्हणून ती रेकॉर्ड होण्याआधीच मारावी लागते.

माझा क्रम ठरलेला आहे. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडते. जॅझ बेसच्या धर्तीवरच्या बेसमध्ये दुसरा पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवांचा असतो, त्यामुळे दोघांची घरघर एकमेकींना खाऊन टाकते. एक जरी पिकअप किंचित उतरवला की ती परत डोकं वर काढते. प्रिसिजनवाल्यांना ही कटकट नाही, १९५७ पासून त्यांचा पिकअपच दोन तुकड्यांत विभागलेला आणि घरघर मारणारा आहे. मग लॅपटॉपचा चार्जर काढते. चार्जरमुळे येणारी घरघर वेगळी ओळखू येते, तिच्यात एक चिरचिरा सूर असतो आणि माउस हलवला की तोही हलतो. बॅटरीवर गेलं की बहुतेकदा तिथेच विषय संपतो. सोलो यूएसबीवरच चालते, तिला वेगळा अडॅप्टर नाही, हे इथे वरदान ठरतं. आणि शेवटी खुर्चीसकट फिरते. बेसची मान भिंतीकडे, मग खिडकीकडे, मग दाराकडे. कुठेतरी एक दिशा अशी सापडते की घरघर निम्म्यावर येते. माझ्या खोलीत ती दिशा अशी आहे की स्क्रीनकडे पाठ होते. रेकॉर्डचं बटण वाकून दाबायचं आणि वळून वाजवायचं.

हेडफोनवर पैसे घाला, स्पीकरवर नको. हे मी हट्टाने सांगते. खुल्या ई तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा, त्याची लहर आठ मीटरहून लांब. लहान खोलीत ती मावत नाही. तीन मीटर लांबीची खोली असेल तर तिची स्वतःची घूम ५७ हर्ट्झच्या आसपास पडते, म्हणजे ए तारेच्या पहिल्या फ्रेटजवळ. भिंतीला टेकून ऐकलं तर तो स्वर ढोलासारखा वाजतो, खोलीच्या मधोमध खुर्ची ओढली तर तोच गायब. बसायची जागा बदलली की मिक्स बदलतो, अशा खोलीत बेसची पातळी कशी ठरवणार? बंद कपांचे साधे स्टुडिओ हेडफोन घ्या, ऑडिओ-टेक्निकाच्या एम सीरीजमधले खालचे मॉडेलही चालतील. गाणी ऐकायचे, बेस फुगवून देणारे हेडफोन मात्र नकोत. ते खोटं बोलतात आणि आपल्याला ते खोटं आवडतं.

झालेलं मिक्स मी फोनच्या उघड्या स्पीकरवर एकदा ऐकतेच. त्या टिचभर स्पीकरमधून ४१ हर्ट्झ निघणं शक्यच नाही, पण वरच्या पटी ऐकू आल्या तर कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. फोनवर बेसची ओळ गुणगुणता आली पाहिजे. नाही आली तर ७०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडं उचला किंवा किंचित डिस्टॉर्शन द्या. खालचं वाढवून काही होणार नाही.

सॉफ्टवेअर. सोलोसोबत एबलटन लाइव्ह लाइट मिळतं, ठीक आहे, मला जमलं नाही. मी रीपर वापरते. ६० दिवस सगळं उघडं वापरून बघता येतं आणि त्यानंतरचा परवाना इतरांच्या मानाने हलका. ट्यूनर, ईक्यू (खालचं-वरचं कमीजास्त करणारं), कॉम्प्रेसर (जोरातलं आणि हळू यांतलं अंतर कमी करणारा) त्यातच आहेत, दिसायला सरकारी फॉर्मसारखे, काम चोख. मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकट आहे, त्यांनी जास्त विचार करू नये. ऑडॅसिटीही फुकट आहे, पण वाजवतानाच अॅम्पचा आवाज ऐकायचा असेल तर ती उपयोगाची नाही.

अॅम्पसाठी फुकटात दोन गोष्टी पुरतात. टीएसईचं बीओडी हे प्लगिन सॅन्सअँप बेस ड्रायव्हर या पेडलच्या धर्तीवर केलेलं आहे. त्याचा ब्लेंड नॉब अर्ध्याच्या खाली ठेवा, नाहीतर सगळी गाणी एकसारखी गुरगुरतात. दुसरं न्यूरल अँप मॉडेलर. खऱ्या अॅम्पची नक्कल उतरवून घेतलेल्या फाइली त्यात उघडायच्या. त्यातल्या काही नकला फक्त अॅम्पच्या असतात, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) वेगळं जोडावं लागतं. ते राहिलं की आवाज माशी घोंगावल्यासारखा येतो आणि दोष प्लगिनला दिला जातो. प्लगिन कोणतंही असो, कोरडा ट्रॅक जपून ठेवा. मी एक ट्रॅक कोरडा ठेवते, दुसऱ्यावर डिस्टॉर्शन, आणि दुसऱ्याचं २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकते. तळ स्वच्छ राहतो आणि दात वरून मिळतात.

त्यापुढे फार काही करायचं नसतं. ३० हर्ट्झच्या खाली हायपास (खालचं कापणारा फिल्टर), कारण तिथे फक्त बोटांचे धक्के असतात. पाच तारांचा बेस असेल तर जरा जपून, बी तार ३१ ला वाजते. कॉम्प्रेसर ४:१, अटॅक २५-३० मिलिसेकंद म्हणजे बोटाचा ठोका निसटून जाऊ देतो आणि मागची शेपूट धरतो, सुई पाच-सहा डेसिबल हलली की पुरे. किक ड्रम आणि बेस, दोघांपैकी तळाला कोण बसणार हे एकदा ठरवून टाका. दोघांनाही ६० हर्ट्झला उचललं की दोघंही ऐकू येईनासे होतात.

आणि हे सगळं विकत घ्यायच्या आधी तारा बदला. मी गंमत करत नाहीये. दोन वर्षं बेसवर असलेल्या राउंडवूंड (गोल वेढ्याच्या) तारांतून कोणताही इंटरफेस चकाकी काढू शकत नाही. बाराव्या फ्रेटचा स्वर आणि त्याच जागचा हार्मोनिक जुळत नसेल तर वरच्या फ्रेटांवर गाणं बेसूर वाजणार, आणि एकल बेसमध्ये न जाणवलेला हा बेसूरपणा गिटार वाजायला लागली की टोचतो. जुनाट, ठसठशीत, लवकर विझणारा आवाज हवा असेल तर ब्रिजजवळ तारांखाली फोमचा तुकडा सरकवा. पॅकिंगमधून निघालेला फोम चालतो, प्लगिन लागत नाही.

याहून स्वस्तात जायचं असेल तर बेहरिंगरचं यूएम२ आहे. इन्स्ट्रुमेंट इनपुट त्यालाही आहे, पण ते ४८ किलोहर्ट्झला थांबतं आणि विंडोजवर एएसआयओ-फॉर-ऑल सारख्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर भागवावं लागतं. कोरडा आवाज ऐकत रेकॉर्ड करणाऱ्याला ते पुरेल. प्लगिनमधून वाजवायचं असेल तर फोकसराइटच्या स्वतःच्या ड्रायव्हरसाठी वरचे पैसे द्यावेत असं माझं मत. एका टोकाला जॅक, दुसऱ्या टोकाला यूएसबी अशा बिननावाच्या केबलींच्या वाटेला मात्र जाऊ नका. माझ्याकडे एक होती. गाण्याच्या सुरुवातीला तालात असलेला बेस शेवटच्या कडव्यापर्यंत ड्रमच्या मागे सरकलेला असायचा, कारण तिचं घड्याळ आणि लॅपटॉपचं घड्याळ वेगळं चालायचं.

उद्या तुमच्याकडे अॅम्प आला, तर डावीकडचा तो बिनकामाचा संसार कामाला येतो. अॅम्पसमोर माइक इनपुट १ वर, बेसची थेट वायर इनपुट २ वर, दोन्ही एकाच वेळी. त्यासाठी सिग्नल दोन वाटांनी नेणारा स्प्लिटर लागेल. माइक स्पीकरपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर त्याचा आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. नंतर तो ट्रॅक तेवढा आधीच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, ओढून घ्यायचा, नाहीतर दोन आवाज मिळून बेस बारीक होतो.

वापरलेली सोलो घेणार असाल तर स्वतःचा बेस, केबल आणि हेडफोन घेऊनच बघायला जा. इन्स्ट दाबून त्याचा दिवा लागतो का आणि आवाज खरंच उजळतो का, ते ऐका. गेन नॉब शून्यापासून शेवटपर्यंत सावकाश फिरवा, मध्ये कुठे खरखर झाली तर नॉब झिजलाय. जॅक आत असताना हलकेच हलवून बघा. मागचं यूएसबीचं सॉकेट सैल असेल तर भाव करत बसू नका, तिथूनच परत या.